जिवंत माणसाच्या मरणाचा सांगावा

सर, तुम्ही गेलात त्याला आज नऊ दिवस झाले. या नऊ दिवसांत दुकानात तीन श्रद्धांजलीचे बोर्ड करून दिले, दोन लग्नपत्रिका, एक वास्तुशांत. तुमचा बोर्ड मात्र माझ्याच्यानं झाला नाही. चर्चची मंडळी तुमचा फोटो घेऊन आली होती. मी त्यांना स्टेशनसमोरच्या दुसऱ्या दुकानात पाठवलं. मशीन बिघडलंय, म्हणाले. मशीन माझ्या पाठीमागं घरघरत चालू होतं. त्यांनी ऐकलं असणार, पण दुःखातली माणसं भांडत नाहीत.

तुम्ही असतात तर भांडला असतात. "उज्ज्वला, खोटं बोलायचं तर निदान मशीन बंद करून बोल," असं काहीतरी.

तुम्हाला सांगायची एक गोष्ट माझ्याकडं राहून गेली आहे. ती तुम्ही हयात असताना सांगायला हवी होती. आता लिहायला बसले तरी हात दुसरीकडंच वळतोय, म्हणून आधी दुसरंच लिहिते.

दर मंगळवारी अकराच्या सुमारास तुम्ही माझ्या टायपिंगच्या दुकानाची पायरी चढायचात. तुम्ही म्हणायचात "जयभीम", आणि मी म्हणायची "सलाम, सर". एकमेकांचा नमस्कार वापरायची आपली रीत पाहून गिऱ्हाइकं बुचकळ्यात पडायची. तुम्ही चर्चचे, तुमच्यात सलाम म्हणतात; मी विहाराची. पण तीन पिढ्या मागं गेलं तर आपण दोघं एकाच गावकुसाबाहेरचे. तुमच्या पणजोबांनी एका दारानं वाट काढली, माझ्या आजोबांनी दुसऱ्या. "घर एकच होतं, म्हणून तर आपलं भांडण पटतं," तुम्ही म्हणायचात.

भांडायला विषय तुम्हीच आणला होतात. दौंडच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवून निवृत्त झाल्यावर माणसं नातवंडं सांभाळतात, शेवग्याची झाडं लावतात. तुम्ही हिब्रू कवी काढून बसलात. तरुणपणी एका म्हाताऱ्या पाद्रीसाहेबांकडं शिकलेली भाषा, तिच्यावर चढलेला गंज काढलात आणि बायबलातल्या संदेष्ट्यांच्या कविता मराठीत आणायला घेतल्यात. अश्शूर आणि बाबेल या दोन साम्राज्यांच्या टाचेखाली आलेला एक चिमूटभर देश, आणि तिथले हे तोंडाळ कवी. तुम्ही उजवीकडून डावीकडं बोट फिरवत वाचायचात, मग थांबून मराठी सांगायचात, मी टाइप करायची. पान झालं की मी मोठ्यानं वाचायचं, असा नियम. वाचताना मी अडखळले की ओळ रद्द. "तुझी जीभ अडली म्हणजे माझीच चूक," म्हणायचात. इतका मान माझ्या जिभेला घरातही कुणी दिला नाही.

पहिलं मोठं भांडण अश्शूरवरून झालं. कवी आपल्याच लोकांना सांगतो की हे परकं सैन्य तुमच्यावर आलं ते तुमच्याच पापामुळं, तुम्ही गरिबाला नाडलंत म्हणून देवानं ही काठी उचलली. मी टायपिंग थांबवलं. "सर, माझ्या आज्यालाही हेच सांगायचे. मागच्या जन्मीचं पाप, म्हणून ह्या जन्मी गावाबाहेर. मार खाणाऱ्यालाच दोष द्यायचा, ही कुठली बंडखोरी?" तुम्ही वही मिटलीत आणि चहा न पिता गेलात.

पुढच्या मंगळवारी पायरीवरूनच सुरू झालात. "अगं, कवी राजाला काठी म्हणतोय! पृथ्वीचा धनी म्हणवतो तो, आणि हा कुठला कोण माणूस त्याला दुसऱ्याच्या हातातली काठी म्हणतो. काठीला कुणी मुजरा करतं का?"

"पण सर, पाठ आपलीच ना?"

तुम्ही पायरी चढून वही टेबलावर ठेवलीत. मग म्हणालात, "व्हय. पाठ आपलीच." जन्मभर शुद्ध मराठी शिकवलीत, पण एखादी गोष्ट मनापासून पटली की तुमच्या तोंडून 'व्हय'च निघायचं. मी ते ऐकायला भांडायची, हेही आता सांगून टाकते.

दुसरं भांडण मिटलंच नाही. एक कवी लाकडी जू आपल्या मानेवर घेऊन राजधानीत हिंडतो. आत्ता बाबेलपुढं मान वाकवा, तरच जगाल, असं सांगतो. लोक त्याला फितूर म्हणतात. मी विचारलं, "मग तो फितूर होता की शहाणा?"

"अजून ठरत नाही."

"एवढी वर्षं वाचताय, तरी?"

"म्हणून तर ठरत नाही."

मग आली ती बाबेलच्या राजावरची कविता. राजा धडधाकट जिवंत, त्याचं सैन्य दारात, आणि इकडं हा कवी त्याच्या मरणाचा शोक करत बसलाय. रडतोय आणि रडता रडता खिजवतोय. मला हसू आलं. तुम्ही हसला नाहीत. "ह्यांच्याकडं तलवार नाही, घोडा नाही," तुम्ही म्हणालात. "एवढंच आहे. ज्याला सगळे अमर समजतात त्याचं मरण आधीच सांगून टाकायचं. ऐकणाऱ्याच्या मनातून तो तेवढ्यानंच अर्धा जातो."

अडचण चालीची होती. शोकाची हिब्रू ओळ लंगडते, हे तुम्ही टेबलावर बोटं वाजवून दाखवायचात. पहिला तुकडा लांब, दुसरा आखूड, म्हणणाऱ्याचा दम सरल्यासारखा. तुम्ही अभंग लावून पाहिलात, ओवी लावून पाहिलीत. "फारच गोड होतंय," म्हणून पान फाडायचात.

त्या उन्हाळ्यात आमच्याच वस्तीत राहणारा माझा मामा वारला, आणि तुम्ही आमच्या गावाला मातीला आलात. शिरूर तालुक्यात, इनामगावच्या बाजूला, घोड नदीच्या काठचं गाव. आमच्या वस्तीतून नदीकाठच्या मसणवट्याकडं जाणारी जुनी वाट गावच्या आप्पांनी काटेरी तार ओढून बंद केली होती. आप्पा म्हणजे आमच्याकडचं सरकारच. सरपंचकी त्यांच्या घरात, ऊस नजर पोचेल तिथवर. वाटेसाठी तहसीलला अर्ज होता, त्याला तारखा पडत होत्या. मामाला घेऊन आम्ही डांबरी रस्त्यानं लांबचा वळसा घालून गेलो. खांदेकरी तीनदा थांबले.

त्याआधी, मामाच्या उशाशी बसून आईनं हेल काढला होता. लांब हाक, मग आखूड तुकडा, दम सरल्यासारखा. सगळे रडत होते आणि तुम्ही एकटे मांडीवर बोटं मोजत होतात. असा राग आला होता मला तुमचा! परतताना बसमध्ये तुम्ही खिडकीकडं तोंड करून म्हणालात, "चाल सापडली. लाज वाटते, पण सापडली."

राजाच्या कवितेला तुमचा हेल द्याल का, असं आईला विचारलंत तर तिनं झटकून टाकलं. तिचं बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं. "मास्तर, गावात कुणी मेलं की माज्या सासऱ्याला सांगावा घिऊन धाडायचे. ऊन न्हाई, चिखूल न्हाई, पाच-पाच गावं पायी. आन् पोचल्यावर पाणी वरनं वतायचे. आमी धम्म घेतला तवा त्यानं पयलं ते काम सोडलं. मी कुणाच्या मरणाचा निरोप न्हेत न्हाई, आन् परक्यासाठी रडत बी न्हाई."

तुम्ही आग्रह केला नाहीत. पण जात राहिलात, दौंडची नानकटाई घेऊन. तिला त्या कवींच्या गोष्टी सांगत राहिलात. एकदा तिनं विचारलं, "मंग त्यो राजा मेला का?" तुम्ही म्हणालात, मेला, राज्यही गेलं. "आन् कवी?" तो आधीच गेला होता. आई शेंगा फोडता फोडता म्हणाली, "ह्यो सांगावा येगळा हाय. ह्येला धाडणारा धनी न्हाई."

गेल्या थंडीत, ऊसतोडणी चालू असताना, एका सकाळी ती ओट्यावर बसली. मी तेव्हा दौंडला दुकानात होते, हे आईकडून नंतर कळलं. तुम्ही अर्थ सांगत होतात आणि ती हेल काढत होती. पण बाबेल तिनं ठेवलं नाही. "त्ये कुठं हाय आमच्या बायांना काय म्हाईत," म्हणून तिनं स्वतःचे शब्द घातले.

"वाटंवर तार ओढणाऱ्या माज्या राजा… पडलास की.
आता आमची वाट कोण आडवील रं… सांग की."

तुम्ही ऐकत राहिलात. थांबवायला हवं होतंत, सर. पण तुमच्यातल्या कवितावेड्या माणसाला त्या क्षणी गाव दिसत नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. मीही मामाच्या मातीला तुम्हाला तसंच पाहिलं होतं.

शेजारणींनी हेल ऐकला, तारेचं ऐकलं, आणि पदर डोक्यावर घेतले. आप्पा दोन दिवसांपूर्वी छातीच्या तपासणीला पुण्याला गेले होते. त्यांचा फोन बंद, पोराचा लागेना. झालं! आप्पा गेले, ही बातमी वस्तीतून गावात आणि गावातून भावकीत पोचली.

भावकीतून ती माझ्या दुकानात आली. "ताई, फोटो धाडलाय, बोर्ड लगेच पायजे." मी आईला फोन करून विचारलंसुद्धा नाही. फेट्यातला हसरा फोटो लावला, मागं मावळता सूर्य, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. दानशूर, प्रेमळ, आधारवड हे शब्द माझ्याकडं तयारच असतात, नाव तेवढं बदलायचं. खरं सांगू? करताना बरं वाटत होतं. बाबेलच्या राजाला रडणाऱ्या कवीनं जे केलं तेच मी दौंडला फ्लेक्सवर केलं, आणि मला पत्ताच नव्हता.

गावात मोर्चा निघाला नाही, कुणी घोषणा दिली नाही. आप्पांचाच ट्रॅक्टर चालवणारा गडी पक्कड घेऊन गेला, तार सोडवली, गुंडाळून बांधावर ठेवली. "आता इचारायचं कुणाला?" एवढंच म्हणाला म्हणे. त्या वाटेनं बाया नदीवर जाऊन आल्या. शेरडं गेली. वर्षभर तारखांनी जे झालं नाही ते दोन तासांत झालं, कारण एक माणूस नाही अशी सगळ्यांची समजूत झाली होती.

दुपारी आप्पांची गाडी आली. माणूस स्वतःच्या श्रद्धांजलीपुढं उभा, आणि हार घेऊन आलेले लोक हार पाठीमागं लपवतायत. ऐकून मी पोट धरून हसले. ते हसणं एक दिवस टिकलं.

आता ती गोष्ट, सर.

दुसऱ्या दिवशी आप्पांचे दोन पुतणे दुकानात आले. आवाज चढवला नाही. एकानं माझ्या मॉनिटरवर पंजा ठेवला आणि म्हणाला, "बोर्ड तू केलास, रडली तुजी आई. डाव कुणाचा?" आई गावात एकटी राहते. माझ्या डोळ्यांपुढं तिचा ओटा आला. मी म्हणाले, "भालेराव सरांचा. त्यांनीच आईकडून म्हणवून घेतलं. आम्हाला काय कळतं?"

तुमचं नाव मी घेतलं. आणि 'आम्हाला काय कळतं' हे वाक्य, जे माझ्या आज्यानं सांगाव्याचं काम सोडताना टाकून दिलं होतं, ते मी परत उचललं. दोन्हींतलं कुठलं जास्त लाजिरवाणं, ते मला सांगता येत नाही.

मग मंगळवार आला, आणि माणूस स्वतःची चूक झाकायला जे करतो ते मी केलं. तुम्ही "जयभीम" म्हणालात, मी सलाम केला नाही. भडाभडा बोलले. कविता तुमची आणि पाठ आईची. दौंडला खुर्चीत बसून साम्राज्यं पाडायला काय जातंय! तुमच्या कवींनाही असंच कुणीतरी म्हणायला हवं होतं. गिऱ्हाइकांसमोर बोलले. तुम्ही एवढंच विचारलंत, "आई बरी आहे ना?" आणि वही टेबलावर ठेवून म्हणालात, "राहू दे तुझ्याकडं."

त्यानंतर सहा मंगळवार तुम्ही आला नाहीत. रुसलेत, असं मी मनाशी ठरवलं. खरं तर मला सुटल्यासारखं झालं होतं. तुमच्या डोळ्यांना डोळा द्यायची वेळ टळत होती. सातव्या मंगळवारी मी येणारच होते. बुधवारी येईन म्हटलं, दुकानात गर्दी होती. बुधवारी सकाळी तुमच्या सुनेचा फोन आला.

कब्रस्तानात आई माझ्या शेजारी उभी होती. तुमच्या मंडळींची गीतं चालू होती, माणसं एकेक मूठ माती टाकत होती. मला वाटलं आई हेल काढणार. तिनं तोंड उघडलं नाही. मूठभर माती टाकली आणि हात झाडून मागं सरकली. मला तेही खुपलं. परक्या राजासाठी रडलीस आणि सरांसाठी नाही?

घरी आल्यावर ती पाणी प्यायली आणि म्हणाली, "मास्तर गावात आलता. तू भांडलीस त्येच्या दुसऱ्या दिशी."

सकाळच्या गाडीनं तुम्ही एकटेच गेलात. आप्पांच्या दारातल्या दगडावर बसलात. आईला कळलं तशी ती धावत गेली, तर तुम्ही तिला लांबूनच हातानं थांबवलंत. दुपारपर्यंत कुणी पाणी विचारलं नाही. मग आप्पा बाहेर आले, आणि तुम्ही उठून उभे राहिलात.

"ते रडणं माझं आहे, आप्पा. बाईला मी सांगितलं. काय करायचं ते मला करा."

 पुतणे मागं उभे होते, त्यांना आप्पांनी हातानं आत धाडलं. मग खाली बसले, तुमच्याच दगडावर, आणि म्हणाले, "मास्तर, मी दोन तास मेलो व्हतो. मला कुणी खरं सांगंना. तुमी सांगा. माज्यासाठी कोण कोण रडलं?"

तुम्ही लांब उभ्या आईकडं बोट करून म्हणालात, "पारूबाई. एकटीच."

आप्पा उठून आत गेले. ते काही साधू झालेले नाहीत, सर. तहसीलची तारीख अजून चालूच आहे. पण तार तेव्हापासून बांधावर गुंडाळलेलीच आहे, आणि तिच्यावर गंज चढलाय.

मी आईवर ओरडले, मला का सांगितलं नाहीस. ती म्हणाली, "मास्तरला पुतण्यांकडनं कळलं व्हतं, पर त्यानं शपथ घातली. म्हनला, उज्ज्वलानं माजं नाव सांगितलं त्ये बरं केलं, न्हाईतर तुमच्यावर आलं आसतं. पर मला म्हाईत हाय आसं तिला कळलं, तर ती मला तोंड दावायची न्हाई. तिचं तिला येऊ द्या. मी मंगळवारी घरीच आसतो, म्हनला."

म्हणजे सहा मंगळवार तुम्ही घरी बसून माझी वाट बघितलीत, आणि मी पायरीकडं पाठ करून बसले. पाठ आपलीच, म्हणाला होतात. मी तुमची पुढं केली, आणि तुम्ही ती न सांगता नेऊन दिलीत. चीड येते मला तुमची. एकदा तरी दारात उभं राहून "तूच नाव सांगितलंस ना?" विचारायचं होतंत. मी रडले असते, भांडले असते, आणि सलाम केला असता.

तो जूवाला कवी फितूर होता की शहाणा, माझं अजून ठरत नाही. माझ्यापुरतं मात्र ठरलंय. मला माफी नको आहे. तुम्ही ती देऊन बसला होतात आणि मी घ्यायला आले नाही, एवढं मला कायम आठवत राहायला हवं.

काल गावाला गेले होते. तुमची वही घेऊन गेले. शेवटचं पान कोरं आहे. राजा पडल्यावर मागं उरलेल्या माणसांनी काय बोलायचं, तिथं तुम्ही थांबलात. "जिंकल्याची भाषा मला येत नाही," म्हणायचात. ते पान मी कोरंच छापणार आहे, आणि पुस्तकावर तुमच्या नावाशेजारी आईचं नाव घालणार आहे. ती नको म्हणते आहे. तिच्याशी भांडायला आता मी एकटीच उरलेय.

वस्तीतल्या बायांकडून मला एक कळलं, जे आईनं सांगितलं नव्हतं. बुधवारी मी तिला फोनवर तुमची बातमी दिली, तेव्हा ती लगेच दौंडच्या गाडीला लागली नव्हती. आधी चपला घालून निघाली. वस्तीतलं प्रत्येक घर, मग गावातलं प्रत्येक घर. दारात उभी राहून सांगायची, "दौंडचं भालेराव मास्तर गेलं," आणि पुढच्या दाराकडं वळायची. आप्पांच्या दारातही गेली. आप्पा बाहेर आले. म्हणाले, "ह्या बारीला खरं का, पारूबाई?"

"व्हय," आई म्हणाली. आप्पांनी डोक्यावरची टोपी काढली.

मी आईला म्हणाले, "मरणाचा सांगावा नेणार नाही म्हणाली होतीस ना?"

ती सूप घेऊन बसली होती, मान वर केली नाही. "धाडलं न्हवतं कुणी," म्हणाली.

मी तुमचं नाव एकाच ठिकाणी घेतलं होतं, भीतीनं. आईनं ते दारोदार नेलं.